सेटिंग काय ठेवू? : वाचकांचे कॅमेऱ्याचे प्रश्न

गेल्या अंकात कॅमेऱ्याबद्दलचे प्रश्न मागवले होते आणि इतके आले की सगळ्यांना उत्तरं देणं या पानांत बसणारच नाही, म्हणून जे पुन्हा पुन्हा विचारले गेलेत ते आधी घेतलेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य सारखं आहे, 'ताई, सेटिंग काय ठेवू तेवढं सांगा'. आकडे मी सांगणारच आहे. पण माझी मनापासून विनंती आहे की आकडा पाठ करायच्या आधी समोर बघून स्वतःला दोन गोष्टी विचारा, यात हलतंय काय आणि उजेड कुठून येतोय. ही दोन उत्तरं सापडली की निम्मं सेटिंग तुमचं तुम्हालाच कळतं, आणि नाही सापडली तर माझा आकडा तुमच्या घरात, तुमच्या दिव्याखाली चालेलच असं नाही.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. घरात नवीन डीएसएलआर आणलाय, सोबत १८-५५ची किट लेन्स. दिवसा गॅलरीत फोटो मस्त येतात पण रात्री ट्यूबलाइटमध्ये काढले की सगळे हललेले. आयएसओ ४००च्या वर न्यायचा नसतो असं ऐकलंय म्हणून ४००च ठेवते. कॅमेऱ्यात बिघाड असेल का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे, काळजी करू नका. गडबड त्या ४००च्या नियमात आहे. हिशोब करून बघू या. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक (एफचा आकडा मोठा तेवढं भोक छोटं) आणि शटर म्हणजे उजेड आत येऊ द्यायचा वेळ. घरातली एक ट्यूब आपल्या डोळ्याला लख्ख वाटते कारण डोळा पटकन जुळवून घेतो, पण भर दुपारच्या उन्हाच्या मानाने तो उजेड काहीशे पटींनी कमी असतो. अशा उजेडात आयएसओ ४०० आणि अपर्चर एफ ३.५ ठेवलं तर शटर साधारण १/२० सेकंदावर येतो. त्यात बाळाचा चेहरा मोठा दिसावा म्हणून तुम्ही झूम करून ५५ला जाता, आणि किट लेन्सचं असं असतं की झूम केलं की तिचं अपर्चर आपोआप ५.६वर येतं, म्हणजे उजेड अजून कमी, मग शटर जातो १/८वर. दीड वर्षाचं पोर १/८ सेकंदात मान वळवतं, हात आपटतं आणि अर्धं उठून उभंही राहतं, तर फोटो हलणारच ना.

आता आयएसओ ३२०० करा. ४००चे ८००, ८००चे १६००, १६००चे ३२००, तीन वेळा दुप्पट झालं, म्हणजे शटर आठपट वेगवान, तोच १/२०चा १/१६० झाला. बसून खेळणाऱ्या मुलाला १/१२५ पुरतो, झोपलेल्याला १/६०, आणि घरभर धावणाऱ्याला १/५०० लागतो, तो रात्री एका ट्यूबवर मिळणं कठीणच आहे, त्यामुळे धावतानाचे फोटो दिवसा काढा.

दाणे (आयएसओ वाढवला की फोटोत येणारे बारीक ठिपके) येतील, हो येतील थोडे. पण पोस्टकार्ड साइजची प्रिंट काढली तर ३२००चे दाणे शोधूनही सापडत नाहीत, आणि दाणे कमी करणारी सॉफ्टवेअर आता खूप चांगली झालीत. हललेला डोळा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर नीट परत आणून देत नाही. आयएसओ वाढवायचा नाही या एका धाकापायी किती घरांतले पहिल्या वाढदिवसाचे फोटो वाया गेलेत ते मी बघितलंय, म्हणून एवढं जीव तोडून सांगतेय.

प्रत्यक्षात असं करा, डायल शटर प्रायॉरिटीवर ठेवा (यात शटर तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा; निकॉन, सोनीवर एस लिहिलेलं असतं, कॅननवर टी आणि छोटा व्ही), शटर १/१२५, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. झूम २४-३५च्या आसपास ठेवा आणि तुम्हीच जवळ जाऊन जमिनीवर बसा. पुढे कधी पैसे साठले तर ५० एमएम १.८ ही लेन्स घ्या, सगळे तिला फिफ्टी म्हणतात, किटच्या ३.५पेक्षा ती जवळजवळ चौपट उजेड आत घेते. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, छोटा असल्याने तिच्यातून सगळं जरा जवळ दिसतं, म्हणजे छोट्या खोलीत भिंतीला टेकून फोटो काढावा लागेल, आणि १.८वर अगदी जवळून काढलं तर एक डोळा शार्प आणि दुसरा पुसट येतो, म्हणून २.५-२.८ ठेवा.

प्रश्न : भावाच्या लग्नात मंगल कार्यालयात काढलेल्या फोटोंवर आडव्या काळपट पट्ट्या आल्यात. लागोपाठच्या दोन फोटोंत एकात नवरी पिवळी तर दुसऱ्यात हिरवट. शटर १/८०० होता, आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला होता. असं का झालं?
— हौशी फोटोग्राफर, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून माझं पहिलंवहिलं लग्नाचं काम आठवलं. हवेतली अक्षता थांबलेली दिसावी म्हणून मी शटर १/१००० लावला होता, मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं बरं दिसत होतं, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर मंगलाष्टकांच्या जवळजवळ प्रत्येक फोटोवर पट्ट्या, आणि मंगलाष्टकं काही परत म्हणायला लावता येत नाहीत. मुलीच्या आईला ते सांगताना काय वाटलं ते मी अजून विसरलेले नाही, म्हणून हे नीट समजून घ्या.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे प्रवाह सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होतो आणि दर फेरीत दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे बरेचसे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्याला पत्ता लागत नाही पण कॅमेऱ्याला लागतो. शटर १/१०० असेल तर त्या चढउताराची एक अख्खी लाट फोटोत येते, १/५० असेल तर दोन येतात, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड. १/८००ला मात्र त्या लाटेचा बारीकसा तुकडाच सापडतो, कधी प्रखर तर कधी मंद, रंगसुद्धा त्यानुसार बदलतो, म्हणून तुमची नवरी एकदा पिवळी आणि एकदा हिरवट. आणि सायलेंट मोडमध्ये सेन्सर फोटो एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने वाचत जातो, तेवढ्या वेळात दिवा दोन-चारदा मंद होऊन गेलेला असतो, त्याच्या या पट्ट्या.

तर कार्यालयात शिरलं की शटर १/१००, सायलेंट मोड बंद, मेनूत अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक टाळणारी सोय) असेल तर चालू. व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५०. तुमचा कॅमेरा कुणी अमेरिकेहून आणलेला असेल तर मेनूत एनटीएससी आहे का बघा, तिकडची वीज ६० हर्ट्झची असल्याने ३० फ्रेम आणि १/६० असं सगळं तिकडच्या हिशोबाने लावलेलं असतं, ते बदलून 'पाल' (PAL), म्हणजे आपल्याकडची पद्धत, करा. काही सजावटीचे एलईडी मात्र डिमरवर चालतात आणि त्यांची लुकलुक वेगळीच असते, तिथे १/१००ही फसू शकतो. त्यासाठी पाहुणे यायच्या आधी रिकाम्या स्टेजचे चार-पाच फोटो वेगवेगळ्या शटरला काढून, मोठे करून बघायचे, हे मी आजही प्रत्येक कामाला करते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोतले रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर सोडू नका, स्टेजच्या उजेडात पांढरा कागद धरून कस्टम करून टाका, म्हणजे हळद हळदीच्या रंगाची दिसेल आणि शालू शालूच्या.

१/१००ला अक्षता थांबत नाहीत, त्यांच्या बारीक रेघा येतात. मला आता त्या रेघाच आवडतात, अक्षता पडतायत असं दिसतं. हवेत टांगलेले तांदळाचे दाणे बघून तसं वाटत नाही.

प्रश्न : यंदा पुरंदावड्याला माउलींच्या पालखीचं गोल रिंगण शूट करायचंय. घोडे एवढ्या जोरात येतात की मागच्या वर्षी फक्त शेपूट मिळाली. ७०-३०० लेन्स आहे.
— कॉलेज विद्यार्थी, माळशिरस तालुका

उत्तर : वा, तुमच्या दारातच रिंगण आहे! आषाढात आभाळ भरलेलं असतं असं धरून चालू. ढगाळ दिवसा आयएसओ ८००, एफ ५.६ला शटर साधारण १/१००० मिळतो, तिथून सुरुवात करा. घोडा तुमच्याकडे तोंड करून येत असेल तर १/८००ही पुरतो, पण डोळ्यांसमोरून आडवा जाणार असेल तर १/१६०० लागतो, मग आयएसओ १६०० होऊ द्या, घाबरू नका.

शेपूटच का मिळाली ते शटरवरून नाही कळत, ते फोकसवरून कळतं. फोकस सिंगलवर असेल तर अर्धं बटण दाबलं तिथेच तो अडकून बसतो आणि तोवर घोडा दहा फूट पुढे गेलेला असतो. कंटिन्युअस करा, कॅननवर त्याला एआय सर्वो म्हणतात, बाकीच्यांवर एएफ-सी. घोडा लांब असतानाच त्याच्यावर फोकस धरायचा, त्याच्यासोबत फिरत राहायचं आणि तो समोर येण्याच्या जरा आधीच बटण दाबून बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फोटो, सोडायचा. याची सवय घरी करा, रस्त्यावरच्या दुचाकींवर दोन संध्याकाळी घालवल्या तरी खूप फरक पडतो, रिंगण काही मिनिटांत संपतं, तिथे शिकायला वेळ नसतो.

दोन घोडे असतात हे तुम्हाला सांगायला नको. एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसरा मोकळा, त्यावर माउली बसतात ही श्रद्धा. बहुतेक जण स्वाराचा फोटो काढतात कारण त्यात माणूस आहे, पताका आहे. पण हजारो माणसं ज्याच्या रिकाम्या पाठीकडे हात जोडून बघतायत तो मोकळा घोडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच्यासाठी एखादी फेरी १/४०वर घालवून बघा, घोड्याबरोबर कॅमेरा एका लयीत फिरवायचा, याला पॅनिंग म्हणतात, जमलं तर घोडा स्पष्ट आणि मागची सगळी गर्दी, पताका, तुळशी रंगांच्या आडव्या रेघांसारख्या वाहताना दिसतात. वीसातला एक फोटो जमेल, तो एक पुरे.

आणि घोडे गेले की कॅमेरा बंद करून निघू नका. माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. तेव्हा लगेच शटर १/२५०, आयएसओ खाली, आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) अधिक ०.७, कारण पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर पांढरं आभाळ असं सगळं एकत्र आलं की कॅमेरा फोटो काळपट करतो. का करतो ते पुढच्या उत्तरात येतंय.

प्रश्न : भिगवणला दर हिवाळ्यात जातो. रोहित पक्षी बरे येतात पण बगळा काढला की नुसता पांढरा ठिपका, पिसंच दिसत नाहीत. आणि आकाशात उडणारा पक्षी मात्र काळा कोळसा येतो. एकाच कॅमेऱ्यात दोन उलट चुका कशा?
— बँक कर्मचारी, बारामती

उत्तर : फार छान निरीक्षण आहे तुमचं. या दोन चुका उलट दिसल्या तरी एकाच सवयीतून येतात. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते ठाऊक नसतं. तो असं धरून चालतो की फ्रेममधलं सगळं मिळून सरासरी मध्यम करड्या रंगाचं असणार आणि फोटो तसा येईल एवढा उजेड घेतो. उजनीच्या गडद पाण्यासमोर छोटासा बगळा असला की फ्रेम बहुतेक काळी, मग मीटर म्हणतो अंधार आहे, उजेड वाढवा, पाणी करडं होतं आणि बगळा ओव्हर, म्हणजे नको तेवढा उजळ, होऊन पिसं जातात. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा. उलट सकाळच्या धुकट पांढऱ्या आकाशात पक्षी असला की मीटरला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो, पक्षी कोळसा. तिथे अधिक १, कधी अधिक १.७ सुद्धा. शंका असेल तेव्हा पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत अंडर, म्हणजे गडद, बाजूला चुकलेलं बरं, गडद पिसं रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फाइलमधून) वर काढता येतात, पण पूर्ण पांढरं होऊन गेलेलं पीस परत मिळत नाही. मेनूत हायलाइट अलर्ट नावाचं काहीतरी असेल ते चालू करा, जास्त पांढरं झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो.

बाकी, होडीत ट्रायपॉड नेऊ नका, होडीच हलत असते. उडणाऱ्या पक्ष्याला शटर १/१६०० किंवा वर. नावाड्याला थव्याच्या अंगावर होडी घालायला सांगू नका, थवा उठल्याचा फोटो मिळतो खरा पण खाणं सोडून त्यांना उगीच उडावं लागतं, लांबून आलेले असतात ते.

प्रश्न : आमच्या फोटो क्लबमध्ये म्हणतात की मॅन्युअल मोड वापरत नाही तो फोटोग्राफरच नाही. मी एकांकिकांचे फोटो काढते, बहुतेक अपर्चर प्रायॉरिटीवर. चूक करतेय का?
— नाट्यवेडी, कोल्हापूर

उत्तर : क्लबमध्ये जे म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. छापलेल्या फोटोवर मोड लिहिलेला नसतो. रस्त्यावर, जत्रेत, जिथे ऊन-सावली क्षणोक्षणी बदलते तिथे मी स्वतः अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर मी ठरवते, शटर कॅमेरा) आणि ऑटो आयएसओच वापरते, म्हणजे डोळे माणसांवर राहतात, कॅमेऱ्याच्या चाकांवर राहत नाहीत.

पण नेमकं नाटकाच्या फोटोंना मॅन्युअल, म्हणजे सगळं सेटिंग आपणच ठरवायचा मोड, खरंच उपयोगी आहे, आणि त्याचं कारण आत्ताच वर आलं. रंगमंचावर मागे काळा पडदा आणि मध्ये उजेडात एक नट, म्हणजे बगळ्याचीच गोष्ट. मीटर पडदा करडा करायला जातो आणि नटाचा चेहरा पांढरा फटक करून ठेवतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच मीटर स्पॉटवर, म्हणजे फ्रेममधला फक्त छोटा भाग मोजणाऱ्या पद्धतीवर, घेऊन चेहऱ्यावरचा उजेड मोजा आणि लॉक करा, एफ २.८ असेल तर २.८, शटर १/१६०, आयएसओ २५००-३२०० असं काहीतरी येईल. नट रंगमंचावर कुठेही गेला, मागचा पडदा फ्रेममध्ये कितीही आला, तरी त्या प्रकाशयोजनेत तेच सेटिंग चालतं. प्रकाश बदलला की फक्त आयएसओचं चाक फिरवायचं, बाकी हात लावायचा नाही. निळा किंवा लाल प्रकाश असेल तर एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंडरच ठेवा, नाहीतर चेहऱ्यावर रंगाचा नुसता थर दिसतो, नाक-डोळे हरवतात.

फ्लॅश तर नाहीच, पण फोकसला मदत करणारा तो छोटा लाल-केशरी दिवा असतो ना, तोही मेनूतून बंद करा आणि मागची स्क्रीनही. पुरुषोत्तम करंडकाच्या वयाची पोरं महिना-दोन महिने तालीम करून उभी असतात, त्यांच्या शांततेत आपला दिवा चमकायला नको. शक्य असेल तर रंगीत तालमीला जा. तिथे पहिल्या रांगेसमोर बसता येतं, उठता येतं, आणि कुठल्या वाक्याला नटी वळून बघते ते आधी कळतं. ते माहीत असणं हे कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठं आहे.

प्रश्न : कोजागिरीचा चंद्र नेहमी पांढरा गोळाच का येतो? नाइट मोड लावूनसुद्धा!
— वाचक, अकोला

उत्तर : नाइट मोड लावल्यामुळेच. रात्र आपल्याकडे असते, चंद्रावर त्या वेळी लख्ख ऊन पडलेलं असतं. उन्हातल्या वस्तूसारखाच त्याचा फोटो काढा, आयएसओ १००, एफ ८, शटर १/२००, डाग स्पष्ट दिसतील. आजूबाजूचं सगळं काळं येईल. चंद्र आणि मंदिराचा कळस दोन्ही हवे असतील तर पौर्णिमेला चंद्र उगवताना, संधिप्रकाशात काढा, तेव्हा थोडा वेळ दोघांचा उजेड जुळतो.

प्रश्न : पावसाळ्यात धबधबा दुधासारखा वाहताना दाखवायचाय. त्यासाठी महागडे फिल्टर घ्यावेच लागतात का? आणि लेन्सला बुरशी लागते म्हणतात ते खरं का?
— ट्रेकर, ठाणे

उत्तर : फिल्टर लगेच नको. सह्याद्रीत पावसाळ्यात झाडीतल्या धबधब्यावर उजेड एवढा कमी असतो की आयएसओ १००, एफ ११ला शटर आपोआप १/४ सेकंदाच्या आसपास येतो आणि पाणी मऊ व्हायला तेवढं पुरतं. अर्धा ते एक सेकंद हवा असेल तर एक पोलरायझर लावा, तो उजेडही कमी करतो आणि ओल्या कातळावरची, पानांवरची चकाकी काढून हिरवा रंग वर आणतो. एफ २२ नको, एवढ्या बारीक भोकातून आलेला फोटो थोडा मऊ पडतो. ट्रायपॉड हवाच, त्यावर लावल्यावर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. शेवाळलेल्या दगडावर ट्रायपॉड नीट उभा राहत नसेल तर तिथे तुम्हीही उभे राहू नका, फोटो लांबून येतो.

बुरशी हा मात्र आपल्याकडचा खरा शत्रू, मुंबई-ठाणे-कोकणात तर फारच. माझी एक लेन्स मी जुलै-ऑगस्ट चामड्याच्या पाउचमध्ये कपाटात ठेवून दिली होती, गणपतीत बाहेर काढली, उजेडासमोर धरली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. साफ करून आणली, पण काचेवरचा थर थोडा खाल्लेला राहिला तो राहिलाच, समोरून ऊन आलं की आजही फोटो धूसर येतो. चामडं आणि कापड ओल धरून ठेवतात. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, रंग बदलणारं मिळतं, रंग बदलला की मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून थोडे फोटो काढा, वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर लगेच कॅमेरा काढू नका, काचेवर वाफ धरते, बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. तुमचं हे सदर माझ्या काही कामाचं आहे का?
— गृहिणी, लातूर

उत्तर : अगदी आहे. बहुतेक मोबाईलचं अपर्चर पक्कं असतं, ते बदलत नाही, त्यामुळे तुमच्या हातात शटर आणि आयएसओ उरतात आणि तेही मोबाईल स्वतः ठरवतो. पण त्याला सांगता येतं. दिवाळीत रांगोळीतल्या पणतीचा फोटो काढताना ज्योतीवर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल, मग सूर्याचं छोटं चिन्ह दिसतं ते खाली ओढा, पडद्यावर ज्योत पांढऱ्याची केशरी झालेली दिसेल तिथे थांबा. तेवढ्यावर फोटो बदलतो. नाइट मोड दोन-तीन सेकंद अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडतो, त्यामुळे मोबाईल डब्याला टेकवा, आणि लेकरं मध्ये धावत असतील तर नाइट मोड बंद करा. आणि लेन्स पुसा, पदराने पुसली तरी चालेल, तेलकट बोटं लागून निम्मे फोटो धुरकट येतात.

प्रश्न : बाबांचा पेंटॅक्स के १००० माळ्यावर सापडला. बाबा आता नाहीत. शटर वाजतो पण मीटरचा काटा हलत नाही. यात रोल घालून फोटो काढता येतील का, का नुसता शोभेला ठेवू?
— वाचक, सांगली

उत्तर : शोभेला अजिबात ठेवू नका. १९७६ साली आलेला हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरी फक्त मीटरच्या काट्याला लागते, शटरला लागत नाही. आधी नवीन बॅटरी घालून बघा, खालच्या झाकणाचे काँटॅक्ट गंजले असतील तर ते घासून घ्या. मागचं झाकण उघडून कडेचा काळा स्पंज बोटाने दाबा, चिकट किंवा भुसभुशीत झाला असेल तर तिथून उजेड शिरून रोल खराब होईल, तो कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

काटा तरीही नाही हलला तर मीटरशिवाय काढा. पूर्वी रोलच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर सूर्य, ढग अशी छोटी चित्रं आणि खाली आकडे छापलेले असायचे, बाबांनीही ती बघूनच काढले असतील कदाचित. हिशोब सोपा आहे. लख्ख ऊन आणि सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर एफ १६, आणि शटर रोलच्या आयएसओच्या जवळचा, म्हणजे १००च्या रोलला १/१२५, ४००च्या रोलला १/५००. सावलीच्या कडा पुसट झाल्या की एफ ११. सावली जेमतेम दिसते, एफ ८. सावलीच पडत नाही, ५.६. झाडाखाली, ओट्यावर, सावलीत बसलेली माणसं, एफ ४. शटर तोच ठेवायचा. कलर निगेटिव्ह रोल असेल तर शंका आली की एक स्टॉप ओव्हरच करा, तो सांभाळून घेतो, अंडर मात्र झेपत नाही त्याला.

म्हणजे बघा, सेटिंग जमिनीवरच्या सावलीत लिहिलेलं असतं. रोल घालायच्या आधी आठवडाभर असं करा, घराबाहेर पडलं की सावलीकडे बघायचं, आकडा मनात ठरवायचा आणि मग मोबाईलवरच्या एखाद्या लाइट मीटर अ‍ॅपने ताडून पाहायचा. तीन-चार दिवसांत एका स्टॉपच्या आत येऊ लागाल.

पहिला रोल ३६चा घ्या, आयएसओ ४००, कारण तो उन्हातही चालतो आणि ओसरीवरही. सोबत एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक फोटोला अपर्चर, शटर आणि सावली कशी होती ते एका ओळीत लिहा. पहिला फोटो आईचा काढा, सकाळी, दाराशी, ऊन अंगावर यायच्या आधी, एफ ४ला, १/५००. रोल धुवून स्कॅन करून आला की मला नक्की पाठवा, आणि वहीतली ती पानंही सोबत पाठवा, मला आधी ती वाचायचीत.